खुर्ची कुठनं आली

खोपटेवस्ती, ता. शिरूर
११ ऑगस्ट १९७४, रविवार

गुलशन,

जय भीम आन् सलाम, दोन्ही घे. खुशाली विचारत न्हाई. तुझी खुशाली काय असणार ते मला ठावं हाय.

तू दौंडला भावाच्या क्वाटरवर गेलीस त्याला वीस दिस झाले. एसटीत बसलीस तवा मी खाली उभी होते. भाकरी बांधून आणली होती. तू तोंड पलीकडं केलंस. तुझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी हात वर केला, तू तेबी केलं न्हाईस. भाकरी मी परत आणली आन् मीच खाल्ली. टाकून देयाला काय माझ्याकडं धान्याचं पेव हाय?

तुला उर्दू वाचता येतं, मराठी येत न्हाई. म्हंजी हे पत्र तुझे मालक, गुरुजीच, तुला वाचून दाखवणार. दाखवू देत. मला काय लपवायचं न्हाई.

आता सरळ विचारते. तू माझ्यावर डूख का धरलास? गुरुजींना घरी काय मी बसवलं? अर्ज केला हौशीराम आप्पानं. शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष तो हाय, मी न्हाई. अर्जात लिहिलं की इनुस गुरुजी वर्गात पोरांना निमाज शिकवतात. चौकशीचं साहेब आलं. मी शाळेची बाई, अकरा वर्षं झाडलोट करते, पाणी भरते, घंटा देते, म्हणून मला बोलावलं. साहेबानं विचारलं, ‘गुरुजींनी वर्गात कुराणातलं म्हटलं का?’ मी म्हटलं, ‘म्हटलं.’ ‘पोरं समोर होती का?’ ‘होती.’ झालं. त्यांनी लिहिलं, मी सही केली. यात खोटं काय हाय ते मला दाखव. तूच म्हणायचीस ना, सोजरआक्काच्या तोंडाला झाकण न्हाई? मग खरं विचारल्यावर काय खोटं सांगू?

चौकशी संपेस्तोवर शाळेत पाय ठेवायचा न्हाई असा हुकूम निघाला, तो साहेबाचा. पुढं नोकरी जाती का राहती तेबी साहेबच ठरवणार. त्यात माझं बोट कुठं हाय?

तुझ्या दारातली कोंबडी रोज माझ्याकडं येती. अंडं मात्र साखरबाईच्या परड्यात घालती. तुझ्यासारखीच हाय.

उत्तर धाड.

सोजर

\*

२९ ऑगस्ट

गुलशन,

कार्ड आलं. हात गुरुजींचा. ‘पत्र मिळाले. गुलशनची प्रकृती बरी आहे. आपण मनाला लावून घेऊ नये. कामावर लक्ष द्यावे.’ बस. अक्षर कसं, छापल्यावानी. पण तुझा एक शबुद त्यात न्हाई. तू सांगितलं न्हाईस, का सांगितलंस ते लिहिण्यासारखं नव्हतं?

मनाला लावून कोण घेतंय? मी न्हाई घेत. लोक बोलतात त्याचा राग येतो, एवढंच. परवा गिरणीत साखरबाई म्हणाली, ‘मास्तर पोरं बाटवत हुता म्हणं.’ मी म्हटलं, ‘तुझं पोरगं बाटलं का? दोन वर्षं शिकवलं त्यांनी, अजून नाक पुसायला शिकलं न्हाई ते. बाटायला जरा तरी ध्यान लागतं.’ दळण तसंच टाकून गेली.

तू त्या दिवशी शाळेत नव्हतीस. म्हणून तुला कुणी काय सांगितलं असंल कुणास ठाऊक. मी होते. मी सांगते काय झालं.

जुलैचा मंगळवार. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र. गुरुजींनी आपली खुर्ची उचलून मधोमध ठेवली. तीच, एका पायाखाली फुटक्या पाटीचा तुकडा लागतो ती. तुकडा काढला तर ती डुगडुग करायला लागली, पोरं हसली. गुरुजी म्हणाले, ‘ही कुठनं आली?’

एक जण म्हणालं, ‘शिरूरच्या सुताराकडनं.’

‘खुर्ची सुताराकडनं आली. तिचं नाव कुठनं आलं?’

पोरं खुर्चीखाली वाकून बघायला लागली. मग गुरुजींनी सांगितलं. हा शब्द अरबांचा. ते म्हणतात कुर्सी. त्यांचाबी तो आपला स्वतःचा न्हाई, शेजारच्या कुठल्या जुन्या लोकांकडनं उचललेला. त्या जुन्या लोकांत बसायचं उंच आसन राजाला, न्हाईतर देवाला. बाकीचे भुईवर. अरबांकडनं तो इराणात गेला, तिथनं दरबाराबरोबर आपल्याकडं आला आन् आपल्या लोकांच्या तोंडात त्याची खुर्ची झाली. गुरुजी म्हणाले, ‘इतक्या लांबनं आला बघा, वाटेत किती लोकांनी त्याला ठेवून घेतला. कुणी हाकलला न्हाई.’ मग म्हणाले, सकाळी तुम्ही ‘हजर’ म्हणता, तोबी तिकडचाच. दौत तिकडची, कलम तिकडचं, जबाब तिकडचा. पोरांना मजा वाटली. आम्हाला वाटायचं, हे सगळं आपल्या आजीच्या घरचं हाय.

मग दारातनं कुणीतरी विचारलं, तुमच्या कुराणात खुर्चीचं काय हाय ते म्हणून दाखवा. गुरुजी आधी नको म्हणाले. मग एक ओळ म्हटली. त्यात कुर्सी आली तशी पोरं ओरडली, ‘आली! खुर्ची आली!’ गुरुजींनी अर्थबी सांगितला, की त्याचं आसन एवढं मोठं की आभाळ आन् भुई दोन्ही त्यात मावतात, आन् दोन्ही सांभाळताना तो थकत न्हाई. मी म्हटलं, ‘मी एक शाळा झाडून थकते, त्याचं बरं हाय.’ गुरुजी लई हसले. तू असतीस तर मला रागावली असतीस.

निमाज शिकवली ती एवढी.

खरं दुखणं पुढचं हाय. गुरुजी म्हणाले, जो खुर्ची शब्द पाटीवर बिनचूक लिहील तो खुर्चीवर बसंल. पहिली लिहिली ती आमच्या बौद्ध आळीतल्या ज्ञानदेवच्या जाईनं. बसली ऐटीत, पाय हलवत. आप्पाच्या नातवाला जमंना. त्याला गुरुजी म्हणाले, ‘जाई उठली की तू बस, लिही पुन्हा.’ ते रडत घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दारात. ‘मास्तर, खुर्ची कुणाची?’

‘सरकारची, आप्पा.’

‘मंग त्या आळीच्या पोरीला तीवर बसवायला सरकारनं सांगितलं का?’

‘शुद्ध लिहायला शिकवा म्हणून सांगितलंय. मी तेवढंच केलं.’

आता हे अर्जात लिहिता येतं का? कायद्यात आप्पाच अडकंल. म्हणून निमाज लिहिली.

हे सगळं मी सांगत असताना गुरुजी तुला म्हणाले असतील, बरोबर हाय. बरोबरच हाय. आता तरी उत्तर धाड.

सोजर

\*

१६ सप्टेंबर

गुलशन,

उत्तर न्हाई. कार्डबी न्हाई.

दोन-तीन दिसांत तुझे रोजे लागतील. त्याआधी हे लिहिते, म्हंजी उपाशीपोटी तुला माझ्यावर चिडायला नको.

मागच्या पत्रात ‘कुणीतरी विचारलं’ असं लिहिलंय. तिथं माझं नाव घाल.

मीच विचारलं. पाण्याचा हंडा काखेला, दारात उभी. दोन वर्षांमागं दुष्काळात शाळेच्या सुट्टीत आपण एका रस्त्यावर खडी फोडत होतो आन् माझी नकुशी तापानं फणफणली होती, तवा तू तिच्या डोक्याला हात लावून कुराणातलं म्हणायचीस आन् पाण्यावर फुंकर मारायचीस. त्यात मधेच कुर्सी यायची. मला वाटायचं, ही बया तापाला खुर्ची देती का काय? तुला विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी वर्गात गुरुजींनी कुर्सी म्हटलं आन् माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, ‘गुरुजी, गुलशन म्हणती त्यात हीच खुर्ची हाय का?’

ते म्हणाले, ‘हीच.’

‘मग म्हणा की. पोरांना दिसू दे कुठं बसलीय ती.’

‘सोजरबाई, वर्गात कशाला?’

‘म्हणा हो. तोंडचा शब्द हाय, झिजतोय काय?’

मी अडून बसले म्हणून त्यांनी म्हटलं. एक ओळ. चौकशीला मला विचारलं, म्हटलं का? मी सांगितलं, म्हटलं. का म्हटलं हे कुणी विचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई.

का न्हाई सांगितलं, तेबी लिहिते. साहेब यायच्या आदल्या दिवशी आप्पा शाळेच्या पडवीत आला. म्हणाला, ‘सोजरे, तुझ्या कायमच्या नेमणुकीचा कागद माझ्या सहीसाठी आलाय. खिशात हाय बघ. उद्या जेवढं विचारतील तेवढंच बोल.’ खिशावर दोनदा थापटलं. अकरा वर्षं मी त्या कागदाची वाट बघितली. मालक गेल्यावर मला आन् नकुशीला कोण हाय? आन् मी बोलले, विचारलं तेवढंच. जल्मात कवा विचारलं तेवढंच बोलले न्हाई, तवा मात्र बोलले.

सही मी बिनचूक केली. ती सही मला गुरुजींनीच शिकवली, मग लिहायलाबी. अंगठ्याची शाई तेल लावून पुसून दिली होती आन् म्हणाले होते, आता पुन्हा अंगठा लावायचा न्हाई.

गुरुजी, इथं तुम्ही वाचायचं थांबला असाल. गुलशन पुढं काय म्हणून विचारत असंल. वाचा. तिला सगळं वाचून दाखवा. ती शिव्या देईल त्याबी लिहून धाडा, गाळू नका.

सोजर

\*

५ ऑक्टोबर

गुलशन,

हे पत्र तुझ्या नावानं हाय पण बोलायचंय मला गुरुजींशी. तू बाजूला बसून आईक.

गुरुजी, साहेब काल परत आलं. आधीचा जबाब मला वाचून दाखवायचा आन् पक्का करायचा होता. आप्पा शेजारी बसलेला, सुपारी कातरत. साहेबानं वाचलं आन् म्हणालं, ‘बरोबर?’

मी म्हटलं, ‘न्हाई.’

‘म्हणजे खोटं सांगितलं होतं?’

‘खोटं न्हाई साहेब. अर्धं हाय. उरलेलं लिहा.’

आप्पाची सुपारी थांबली. मी सगळं सांगितलं. हंडा, दार, कुणी विचारलं, कुणी आग्रह केला. आप्पा मधेच म्हणाला, ‘साहेब, बाईला फूस हाय. मास्तरानं कुर्सी-बिर्सी सांगून हिचं डोकं फिरवलंय. असले बाहेरचे शब्द शाळेत नकोतच.’

मी म्हटलं, ‘आप्पा, मग साहेबाच्या कागदावर वर जबाब लिहिलाय तो आधी खोडा. तोबी तिकडचाच हाय. आन् उद्यापासनं पोरांची हजेरी बंद करा, हजरबी त्यांचंच.’

साहेबाला हसू आलं, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मग कोरा कागद माझ्याकडं सरकवला. ‘बाई, तुम्हाला लिहिता येतं ना? तुमच्या हातानं लिहा.’ मी लिहिलं. घंटा देयाची वेळ टळली तरी लिहीत होते. वेलांट्या चुकल्या असतील.

साहेबानं ते वाचलं. मग फायलीतनं दुसरा कागद काढला. तुमचा. म्हणालं, ‘तुम्ही म्हणता तुम्ही विचारलं. पण मास्तरांनी लेखी दिलंय, मला कोणीही विचारले नाही, मी आपणहून म्हणालो.’

मला पहिल्यांदा कळलंच न्हाई. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं.

गुरुजी, हे काय लिहून बसलात?

साहेब म्हणालं, कुणी विचारलं आन् मास्तरानं उत्तर दिलं, तर तो धडा झाला. आपणहून म्हटलं, तर तो धर्म शिकवला असं होतं. तुमच्या एका ओळीवर तुमची नोकरी लटकतीय. मी म्हटलं, माझा कागद घ्या मग. तर म्हणाले, ‘बाई, तुमचे दोन कागद, दोन गोष्टी. मास्तराचा एकच. चौदा तारखेला सोमवारी पुण्याला त्याची सुनावणी हाय. तिथं तो तोंडानं काय म्हणंल ते शेवटचं.’

घरी आले आन् तुमचं ते कार्ड काढलं. ‘कामावर लक्ष द्यावे.’ तवा मला वाटलं होतं, मास्तर लोकांची लिहायची रीत असंल. आता कळलं. तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर आप्पानं मला दुसऱ्या दिवशी काढलं असतं, म्हणून तुम्ही आपल्या अंगावर घेतलं. आन् मी तिकडं सही करून बसलेली. गुलशनचा राग माझ्यावर एकटीवर न्हाई, तुमच्यावरबी हाय, आन् तो खरा हाय. भावाच्या क्वाटरवर, भावजयीच्या चुलीवर दिवस काढतीय ती, ते माझ्या झाडूपायी?

चौदाला साहेबापुढं खरं सांगा. लगोलग उत्तर धाडा.

सोजरबाई

\*

१२ ऑक्टोबर, शनिवार

हे पत्र टपालात टाकत न्हाई. पोचायचं न्हाई वेळेवर. वस्तीवरचा म्हाळू आज दौंडला कांदा घेऊन चाललाय, त्याच्या हाती देते.

गुरुजी, तुमचं कार्ड परवा आलं. ‘जे लिहिले ते लिहिले. आपल्या कायमच्या कागदाला माझ्यामुळे धक्का लागू नये. मला दुसरीकडे काहीतरी मिळेल.’ काय मिळंल? चाळिशी उलटलेल्या, काढून टाकलेल्या मास्तराला कुठली शाळा घेती?

पण कार्डाच्या खाली, पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात, बारीक उर्दू होतं. ते तुमचं न्हाई. मला वाचता येईना. मी कामाला दांडी मारली आन् एसटीनं शिरूरला गेले. तिथं बांगड्या भरणारी मदिना हाय, तिला दाखवलं. तिनं चश्मा पुसला, वाचलं आन् माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हटलं, ‘अगं बोल की, शिवी हाय का?’

ती म्हणाली, ‘शिवी न्हाई. लिहिलंय, आक्का, हे ऐकत नाहीत. मी सांगून थकले. आता तूच काय ते कर.’

गुलशन, कार्ड टाकायला तू गेली असशील. पेटीपाशी उभी राहून लिहिलंस ना? अक्षरं तिरपी हायेत. तीन महिन्यांनी बोललीस, ते असं. बरं झालं बोललीस. मदिनानं मला चा पाजला.

मी रस्त्यानं येताना विचार केला. मी कितीबी पत्रं लिहिली तरी गुरुजी ऐकणार न्हाईत. ते माझी नोकरी वाचवतात. नोकरी हाय तोवर वाचवणार. मग नोकरीच नको.

काल आप्पाच्या ओसरीवर गेले. शाळेची किल्ली आन् राजीनाम्याचा कागद पुढं ठेवला. कागद मी लिहिला, कुणाकडनं लिहून घेतला न्हाई. आप्पा म्हणाला, ‘डोकं ठिकाणावर हाय का? हा बघ तुझा कायमचा कागद. तो नवा जबाब मागं घे, आजच सही करतो.’ खिशातनं बाहेर काढला. खरंच होता. माझं नाव होतं त्यावर, टाईप केलेलं. मला वाटलं होतं नुसती थाप असंल.

मी म्हटलं, ‘र्‍हाऊ दे तुमच्याकडंच.’

‘खाशील काय?’

‘खडी फोडंन. हात हायेत.’

बाहेर आले आन् सरळ घरची वाट धरली. शाळेवरनं आले तवा पोरं आत मोकाट ओरडत होती, घंटा देयाला कुणी न्हाई. मी आत गेले न्हाई.

तर गुरुजी, आता नीट वाचा, दोनदा वाचा. वाचवायला माझं काही उरलेलं न्हाई. मी शाळेची बाई न्हाई, आप्पाची नोकर न्हाई, तुमच्या खोट्याचा मला आता काडीचा उपयोग न्हाई. सोमवारी साहेब विचारतील, कुणी विचारलं होतं? तर माझं नाव सांगा. आख्खं सांगा, मधेच गिळू नका.

मी पहिल्या एसटीनं पुण्याला येतेय. आत घेतलं न्हाई तर बाहेर व्हरांड्यात बसंन. दार उघडं ठेवायला सांगा. तुम्ही माझं नाव घेतलं का न्हाई ते मला माझ्या कानानं ऐकायचंय.

सोजर